खापरटेंभीवरचा पाहुणचार

माझ्या नाकावर राग असतो, असं घरात मी परकर नेसत होते तेव्हापासून म्हणतात. म्हातारपणी राग निवतो, असंही म्हणतात. ज्यांचा निवला असेल त्यांचं कौतुक आहे. मी शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले, गुडघे गेले, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला, पण खापरटेंभीचं नाव निघालं की आजही माझा चहाचा कप बशीवर आपटतो. भाचरं एकमेकांकडे बघून हसतात आणि मुद्दाम विचारतात, आत्या, ती टेंभी नक्की कुठे होती गं? त्यांना वाटतं, आत्याला छेडलं की करमणूक होते. होऊ दे. पण मी गेल्यावर ही गोष्ट ती लोकं गमतीची करून सांगतील, आणि ती गमतीची नाही, म्हणून माझ्या हाताने लिहून ठेवते आहे.

आमची वाडी विरारच्या पश्चिमेला. घर कौलारू, पुढे ओटा, मागे बावखल. बावखल म्हणजे आमच्याकडच्या वाड्यांतलं गोड्या पाण्याचं तळं. त्यावर रहाट, आणि रहाटाची कुरकुर हा आमच्या घराचा आवाज. तो थांबला की आई स्वयंपाकघरातून विचारायची, काय झालं रे? केळी, पानवेली, मोगरा आणि कडेने नारळ. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या अंगाला केळीच्या चिकाचा वास असायचा, आणि त्यांच्या प्रत्येक सदऱ्यावर त्या चिकाचे काळे डाग. ते डाग काही केल्या जात नसत, म्हणून आई लग्नाकार्याचा एक सदरा कुलपात ठेवायची. उन्हं तापली की अंगणात मांडव उभे राहायचे आणि त्यांवर सोललेली राजेळी केळी वाळायला पडायची. दोनचार दिवसांत ती मधाच्या रंगाची होत, मग सुकेळी म्हणून केळीच्याच सोपट्यात, म्हणजे वाळल्या सालीत, बांधली जात. त्या दिवसांत आमच्या केसांनासुद्धा गोड वास यायचा आणि माश्यांनी जीव नकोसा व्हायचा. आता मला बाजारात सुकेळी कागदाच्या खोक्यात मिळतात. आणते, खाते, आणि दरवेळी म्हणते की ही ती नव्हेत.

भाताची जमीन मात्र पूर्वेला, चांदीपच्या बाजूला. तिथे आमच्या शेताच्या मधोमध एक उंचवटा होता. दोन पुरुष उंच असेल, पसरट, वर एक बोरीचं झाड. त्यालाच सगळे खापरटेंभी म्हणत, कारण पायाखाली जिथे तिथे खापरं. टेंभीची माती राखेसारखी करडी आणि भुसभुशीत. शिमगा झाला की आमच्या भावकीतल्या प्रत्येक घराची बैलगाडी तिकडे जायची आणि ती माती भरून वाडीत आणायची. केळीच्या खड्ड्यात, पानवेलीच्या मुळाशी ती घातली की झाड कसं तरारतं ते बघावं. शेणखत कुणी विकत घेईल, पण टेंभीची माती आपली, फुकटची आणि हक्काची. पणजोबांच्याही आधीपासून चालत आलेलं होतं हे. गाडीवर कुणाची पाळी आधी यावरून भांडणं व्हायची, इतकी त्या मातीला किंमत.

मातीबरोबर खापरं यायची. वाडीभर ती पसरलेली असत, अनवाणी पायाला बोचत. आम्ही पोरी त्यांचीच लगोरी रचायचो. आईच्या दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून एक वाटोळं खापर होतं, आणि आबा कोयत्याला धार लावायचे तो काळा गुळगुळीत दगडही टेंभीवरचाच होता. एका बाजूला निमुळता, जणू कुणी मुद्दाम घासून केलेला. तो मुद्दाम घासूनच केलेला होता. ती दगडी कुऱ्हाड होती, आणि तिच्यावर माझे वडील कोयता परजत होते. हे कळायला मला मुंबईला जावं लागलं.

मुंबईला मी मावशीकडे दादरला राहून शिकले. आमच्या वाडीतून कॉलेजात गेलेली मी पहिलीच मुलगी, त्यामुळे मी काय शिकते याबद्दल घरात फार आदर आणि फार थोडी माहिती होती. पुरातत्त्व हा शब्द आबा एखाद्या देवाचं नाव घ्यावं तसा घ्यायचे. आम्हाला शिकवायला एक सर होते. नाव लिहीत नाही. ते आता हयात नाहीत, आणि मेलेल्या माणसाच्या नावाने खडे फोडायचे नाहीत असं आईने शिकवलं आहे. नाव न घेता फोडायला तिची हरकत नसावी. सर बोलायचे फार सुंदर. सोपाऱ्याचं जुनं बंदर हा त्यांचा विषय. परदेशी जहाजं, नाणी, तुकतुकीत रंगाची भांडी. एकदा त्यांनी वर्गात इतर ठिकाणची अगदी जुनी खापरं दाखवली. माणूस नुकताच शेती करायला लागला, एका जागी घर करून राहायला लागला, त्या काळची. चाकावर नव्हे, हाताने थापून केलेली, जाडीभरडी. मातीत तूस मिसळलेलं, भाजताना ते जळून जातं आणि त्याच्या जागी बारीक खाच राहते. तो तुकडा माझ्या हातात आला आणि मला घाम फुटला. ही तर आमची लगोरी.

पुढच्या रविवारी घरी गेले ती सरळ वाडीत, आणि केळीच्या बुंध्याशी बसून खापरं वेचत सुटले. तीच बोटांची वळणं, तशाच खाचा. भिंग लावून पाहिलं तर एका तुकड्यावर आख्ख्या भाताच्या दाण्याचा ठसा, टरफलाच्या रेघांसकट. मला त्या दिवशी काय झालं ते नीट सांगता येत नाही. आमच्या किनाऱ्यावर भाताशिवाय माणसाचं पान हलत नाही. बारशाला तांदूळ, लग्नाला तांदूळ, मेलेल्याच्या तोंडातही तांदूळ. ते पहिलं भात इथे कुणी लावलं, कधी लावलं, याचं उत्तर आमच्या टेंभीच्या पोटात असेल, आणि आम्ही ती टेंभी गाड्या भरभरून केळीला घालत होतो.

मी आबांना सांगितलं, माती काढायची बंद करा. एवढंच सांगून थांबले नाही, रडले, भांडले, जेवले नाही. आणि आबांनी ऐकलं. हे मी इथे ठळक लिहिते, कारण पुढचं वाचून कुणी त्यांना अडाणी ठरवेल. त्यांनी भावकीला बोलावून सांगितलं की यंदापासून टेंभीला कुदळ लावायची नाही. नानाकाका, त्यांचे सख्खे धाकटे भाऊ, उठून निघून गेले आणि जाताना म्हणाले की पोरीच्या नादाने वाडी वाळवणार हा. त्या वर्षी आमच्या केळीचे घड हलके उतरले, आणि नानाकाका गणपतीत आमच्या घरी पाया पडायलाही आले नाहीत. आबांनी मला एका शब्दाने बोलून दाखवलं नाही.

सरांना मी ठसा असलेला तुकडा नेऊन दाखवला. त्यांनी तो उलटसुलट केला आणि म्हणाले, कुंभार आजही तूस घालतात. पण माझं तोंड पाहून असेल, किंवा सोपाऱ्याला कामासाठी यायचंच होतं म्हणून असेल, शिमग्यानंतर एक दिवस येऊन बघतो असं कबूल केलं. जागा चांगली वाटली तर एक छोटा खड्डा घेऊन बघू, म्हणाले. मी हवेत. घरी जाऊन सगळ्यांना बसवून सांगितलं, सर येणार. आईने विचारलं, येऊन करतात काय ते? मी मोठ्या उत्साहाने सांगितलं. दोरी लावून चौकोन आखतात, मग खणतात, एकेक थर उतरवतात, खापरं निघाली की टोपल्यांत भरतात, धुतात, वाळत घालतात, मग जुळवून मांडतात. आणि हे सगळं भर उन्हात, महिनेच्या महिने. आई कळवळून म्हणाली, अगो बाय, एवढे शिकलेले लोक आनि उन्हात माती खनतात?  आबांच्या डोक्यात तेव्हाच काय शिजायला लागलं ते मला कळलं नाही. मी परत मुंबईला गेले.

सरांच्या जीपमधून आम्ही तिघं आलो, सर, त्यांचे एक मदतनीस आणि मी. चांदीपचा रस्ता तेव्हा धुळीचा. लांबून बोरीचं झाड दिसायला लागलं तशी मी पुढे वाकून दाखवायला लागले, आणि मग माझ्या लक्षात आलं की झाड टेंभीच्या मधोमध राहिलं नव्हतं, कडेवर आलं होतं. अर्धी टेंभी नव्हती. सुरीने खरवस कापावा तशी ती उभी कापलेली होती. शेताच्या बांधाला आंब्याचे टहाळे बांधले होते. कुलपातला सदरा घालून आबा उभे होते, डोक्याला टोपी, हातात नारळ. आणि त्यांच्या मागे, सुकेळीचे मांडव आणून लावले होते, त्यांवर केळीची पानं अंथरली होती, आणि पानांवर ओळीने खापरं. बावखलाच्या पाण्यात धुतलेली, नारळाच्या काथ्याने आणि राखेने घासलेली, लहान एकीकडे, मोठी एकीकडे. जुळणारे तुकडे आईने आणि वाडीतल्या बायांनी कणकेने चिकटवले होते. एक मडकं तर आख्खंच निघालेलं, वितभर उंच, पोटाशी फुगीर. ते मधल्या पानावर, हळदीकुंकू लावून. आबा पुढे झाले आणि सरांना नमस्कार करून म्हणाले, "तुम्ही लांबून यायचे, वर उन्हाचं. म्हटलं, जेवढं जमतं तेवढं आमीच काढून ठेवावं."

पाहुण्याला आमच्याकडे केळंसुद्धा सोललेलं लागतं, शहाळं फोडून, मलई काढून हातात द्यायची आमची रीत. पाहुण्याने कष्ट करायचे नाहीत. त्याच रीतीने त्यांनी पुराणवस्तूही सोलून ठेवली होती. मी सांगितलेलं सगळं त्यांनी केलं होतं, खणलं, टोपल्यांत भरलं, धुतलं, वाळत घातलं, जुळवलं, मांडलं. फक्त थर कुठे होते आणि कशाच्या खाली काय होतं, ते सगळं बाजूच्या मातीच्या ढिगात एकत्र होऊन पडलं होतं. ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते: जुन्या जागेत वस्तू दुय्यम असते, ती कुठे पडली होती ते महत्त्वाचं असतं. जागा गेली की उरतं ते नुसतं खापर.

मला ओरडायचं होतं. पण मी सरांकडे पाहिलं, कारण मला वाटलं, मोठा माणूस आहे, जाणकार आहे, तो आता नीट समजावून सांगेल, उरलेली अर्धी टेंभी वाचवेल. सर हसले. आबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "वा. आमच्या पोरांनासुद्धा इतकं स्वच्छ काम जमत नाही." मदतनीसाने तोंड फिरवून हसू दाबलं ते मी पाहिलं. आबांनी पाहिलं नाही. त्यांची छाती कशी फुगली होती, ते मी आजही डोळ्यांपुढून हलवू शकत नाही.

मग घरी जेवण. आईने उकडहंडी केली होती, नव्या मातीच्या मडक्यात भाज्या आणि कंद घालून, तोंड केळीच्या पानाने बांधून मंद आचेवर शिजवलेली. तांदळाच्या पिठाची पानगी, वर तूप. सर दोनदा मागून जेवले आणि मातीच्या भांड्याच्या चवीवर सुरेख बोलले.  निघताना आबांनी ते आख्खं मडकं पंच्यात गुंडाळून त्यांच्या हातात दिलं, आणि सरांनी ते घेतलं. जीपपाशी मी त्यांना बाजूला गाठून विचारलं, सर, उरलेल्या भागाचं काय? ते म्हणाले, बघू, पावसाळ्यानंतर बघू, तूर्त वडिलांना दुखवू नकोस, भला माणूस आहे. एवढ्यावर मी थांबले नाही. ते गेल्यावर आबांना हात जोडून सांगितलं की उरलेल्या अर्ध्याला आता कुणीही हात लावायचा नाही, तुम्हीसुद्धा नाही, का ते मी परीक्षा झाल्यावर नीट सांगेन. आबा बरं म्हणाले.

पण जेवून ओट्यावर हात धुताना सर आबांना काहीतरी बोलले होते, ते मला ठाऊक नव्हतं.

परीक्षा संपवून वैशाखात घरी आले. आंब्यांचे दिवस, अंगणात पुन्हा मांडव. लांबून वाटलं सुकेळी आहेत. जवळ गेले तर खापरं. पहिल्यापेक्षा दुप्पट. आबा आतून आले, खूप दिवसांनी नानाकाकाही त्यांच्याबरोबर होते, दोघं भाऊ खुशीत. नानाकाका पण मदतीला आले हे आबांनी आधी सांगितलं. मी विचारलं, हे कुठलं? आबा म्हणाले, उरलेलं पण काढलं. मी म्हटलं, मी नको म्हणून सांगितलं होतं ना. तेव्हा ते मला समजूत घालावी तसं म्हणाले, "सायबांनीच सांगितलं ना गो. हात धुताना म्हनाले, छान चाललंय, आसंच चालू ठेवा."

आसंच चालू ठेवा. तीन शब्द, जेवण चांगलं झाल्याच्या समाधानात, ओल्या हाताने बोललेले. मुलीचा शब्द एकीकडे आणि सायबाचा शब्द एकीकडे, तराजू कुठे झुकणार ते काय सांगायचं. मुलीने रडून, उपाशी राहून जे वाचवलं ते सायबाने ढेकर देता देता घालवलं.

मी मांडवावरून बघत गेले. खाली एका कोपऱ्यात एक रुंद तोंडाचं भांडं होतं, तळ काळा, बाकी लखलखीत. आई कौतुकाने म्हणाली, ह्याला घासायला दोन दिवस लागले, आत सगळं जळकं बसलेलं. मी विचारलं, जळकं म्हणजे काय? ती म्हणाली, तांदूळच असतील, कोळसा झालेले, खाली लागलेले, कुनीतरी भात करपवलेला. आणि हसली. मी विचारलं, ते कुठे आहेत? तिने बावखलाकडे हात केला. म्हणाली, ते कशाला ठेवतो, मडकं चांगलं, ते ठेवलं.

कोळसा झालेला दाणा हजारो वर्षं टिकतो आणि त्यावरून वय काढता येतं. मूठभर पुरले असते. एक दाणा पुरला असता. कुण्या बाईने चुलीवर भात ठेवला, तिचं लक्ष कुठेतरी गेलं, भात करपला, आणि त्या करपलेल्या भाताने आमच्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर इतका काळ मातीत धरून ठेवलं. ते माझ्या आईने काथ्याने घासून तळ्यात सोडलं. आजही कुणी मला विचारतं की मग ती वस्ती किती जुनी होती? मी सांगते, ठाऊक नाही. हजार वर्षं असेल, चार हजार असेल. सर म्हणाले तशी कालचीही असेल. आता कुणालाच कधी कळणार नाही. या न कळण्याचाच मला राग आहे, आणि तो निवायला काही मार्ग नाही.

त्या दिवशी मी बोलले. सगळं बोलले. थर म्हणजे काय, धुतलं की काय जातं, मदतनीस का हसला, सर खोटं बोलले, तुम्ही दोन वेळा घर जाळलंत आणि राख ओवाळून पाहुण्याला दिलीत, असं सगळं. लोक म्हणतात मोठ्यांना तोडून बोलल्याचा पुढे पश्चात्ताप होतो. मला झाला नाही. त्या घरात त्यांच्याशी खरं बोलणारं कुणीतरी हवं होतं, आणि जो जाणता होता तो गोड बोलून निघून गेला होता. नानाकाका उठून मला मारायला आले. आबांनी त्यांना धरलं. ते मांडवाच्या बांबूला टेकून उभे होते आणि त्यांनी एकच विचारलं, "म्हंजे सायबांना तेव्हाच कळलं व्हतं?" मी हो म्हटलं. मग त्यांनी टोपी काढली आणि आत गेले. आई पदर तोंडाला लावून बसली. त्या रात्री आमच्याकडे चूल पेटली नाही.

दुसऱ्या दिवशी मी दादरला गेले आणि तिथून सरांच्या खोलीत. ते कागद तपासत होते. खिडकीत आमचं मडकं होतं आणि त्यात मनीप्लांट. वेल चांगला वाढला होता, खिडकीच्या गजाला गुंडाळलेला. मडक्याच्या पोटावर आईने लावलेलं कुंकू पाण्याने ओघळून त्याचा डाग पडला होता. मी उभ्यानेच विचारलं, तुम्ही वडिलांना तिथेच का नाही सांगितलंत? सर चष्मा काढून शांतपणे म्हणाले की ज्याच्या घरी जेवायचं त्याचा अपमान कसा करायचा, आणि तसंही जागा आधीच गाड्यांनी उकरलेली होती, साधी खापरं, नाणं नाही, नक्षी नाही, त्यात फार काही निघालं असतं असं नाही. मी करपलेल्या भाताचं सांगितलं.  ते पेनचं टोपण लावत काढत बसले. मग म्हणाले, "तू तेव्हा मला तसं स्पष्ट सांगायला हवं होतंस."

मी खिडकीपाशी गेले, वेल मुळासकट उपटून त्यांच्या कागदांवर ठेवला, मडकं उचललं आणि बाहेर आले. ते मागून काहीतरी म्हणाले, मी ऐकलं नाही. त्या विभागात मी पुन्हा पाय ठेवला नाही. बी.एड. केलं, शाळेत लागले, आणि पोरांना इतिहास शिकवला. मावशी म्हणाली, तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. मी म्हटलं, धुपाटणं नव्हे, मडकं.

मागच्या महिन्यात भाच्याने मला गाडीतून चांदीपला नेलं होतं. कामणकडे होती तशी गोदामं आता तिकडेही आली आहेत. आबा गेल्यावर नानाकाकांच्या मुलांनी ती जमीन विकली. बोर नाही, बांध नाही. पत्र्याची उंच शेड, तिच्यापुढे ट्रकांची रांग, आणि सिमेंटचा एवढा जाड थर की खाली काही असलं तरी ते आता जगबुडीला वर येईल. पहारेकऱ्याने विचारलं, मॅडम, किससे मिलना है? मी म्हटलं, किसीसे नही. भाचा गाडीत बसून मोबाइल बघत होता. मी आल्यावर त्याने विचारलं, काही दिसलं का? मी त्याच्यावर इतकी खेकसले की विरारपर्यंत तो बोलला नाही.

पण मला सांगायचं आहे ते मडकं घेऊन घरी परतले त्या दिवसाचं. मधे आठवडा गेला असेल. अंगणातले मांडव रिकामे होते, एक खापर नव्हतं. आई म्हणाली, ते चांदीपला आहेत, रोज जातात, नाना पन जातो, पावसाच्या आधी संपवायचं म्हनतात. मी तशीच, पिशवीत मडकं घेऊन, तिकडे गेले. टेंभी उभी होती. म्हणजे मातीचा ढीग उभा होता, पूर्वीच्या आकाराचा, वरून थापून गुळगुळीत केलेला, त्यावर पाणी मारलेलं. वर आबा, घमेलं बाजूला ठेवून हाताने माती सारखी करत होते. कोपरापर्यंत हात करडे झालेले. मला पाहून खाली उतरले. माझ्याकडे न बघता, नजर टेंभीकडेच ठेवून, हलक्या आवाजात म्हणाले, "सगळं होतं तसं घातलं परत. एक तुकडा बाहेर ठेवला नाय. आता बोलव त्यांना."

 त्यांना वाटलं, माझी अजून खात्री पटली नाही. मग त्यांनी पुढे होऊन मला दाखवलं, कुठे काय पुरलं आहे. म्हणाले, चांगली चांगली वरच्या अंगाला ठेवलीत, म्हणजे सायबांना फार खनायला नको. आणि पूर्वी बोरीचं झाड होतं त्या जागी एक खळगा राखलेला होता, वितभर, आत बोटाने गोल फिरवून नीट केलेला. त्यांनी माझ्या पिशवीतलं मडकं ओळखलं होतं. म्हणाले, "त्याची पन जागा ठेवलीय."

नानाकाका घमेलं घेऊन वाट बघत उभे होते. मला त्या क्षणी फार राग आला होता, आणि समोर होता त्या माणसावर तो काढायचा नव्हता. मी पिशवी छातीशी धरली आणि मानेनेच नाही म्हटलं.  आबांनी वाकून तो खळगा मातीने भरून टाकला आणि वर दोन्ही तळहात दाबले.

ते मडकं माझ्याकडे आहे. कपाटावर ठेवलेलं आहे, रिकामं. कामवाल्या बाईला पहिल्याच दिवशी सांगितलं आहे की त्याला हात लावायचा नाही, आणि काहीही झालं तरी ते धुवायचं नाही.